सतरावी खूण

सुनेत्रा वाघधरे क्लूनवाराला आली ती २०४३ च्या मार्चमध्ये. आयर्लंडच्या मधल्या सपाट भागातलं हे लहानसं गाव. एकशे ब्याण्णव माणसं, एक चर्च, एक दुकान, बंद पडलेला पब आणि दोन खोल्यांची शाळा. शाळेत मुलं अकरा. पंधरापेक्षा कमी मुलं असतील तर शाळा बंद करायची, असा नियम झाला होता. क्लूनवाराला एका वर्षाची सवलत मिळाली होती, कारण पुढची तीस वर्षं हे गाव टिकेल कसं याचा आराखडा गावकऱ्यांनी करायला घेतला होता. तो तयार करून द्यायचं काम सुनेत्राचं.

तिचं वय एक्केचाळीस. पुण्यात भूजलशास्त्र शिकली, मग डब्लिनमध्ये गावनियोजन, आणि तिकडेच राहिली. तिच्या आजोबांचं गाव धरणात गेलं होतं. नव्या वसाहतीत आजोबांना दिलेल्या घराचं दार उकिरड्याकडे उघडायचं, ही गोष्ट तिच्या घरात तीन पिढ्या सांगितली जात होती. आपण असं काम कधी करायचं नाही, एवढं तिनं फार लवकर ठरवलं होतं.

स्टेशनवर तिला घ्यायला कोलम आला होता. शाळेचा मुख्याध्यापक, गावसमितीचा अध्यक्ष, आणि गरज पडली तर शाळेच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा. पंचेचाळिशीचा, उंच, बोलताना डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवणारा.

"तुझ्या यंत्राबद्दल वाचलंय मी," गाडी चालवता चालवता तो म्हणाला. "ते खरंच भविष्य सांगतं?"

"भविष्य नाही सांगत. आपण आज काय केलं तर उद्या काय होईल, ते दाखवतं."

"म्हणजे तेच की."

"नाही," सुनेत्रा हसली. "उद्या काय होईल ते आपल्या हातात राहतं. फरक तेवढाच."

ते यंत्र म्हणजे गावाचं जुळं. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा जमिनीत पुरायच्या आणि त्यांतून प्रकाशाचे ठोके सोडायचे. माती किंचित थंड झाली, हलली, ओली झाली, तरी परत येणारा प्रकाश बदलतो. त्याच्या जोडीला जमिनीतून विजेचा अगदी क्षीण प्रवाह फिरवायचा. ओल्या मातीतून तो सहज जातो, कोरड्या लाकडापाशी अडतो. अशा लाखो नोंदींतून संगणक गावाची हुबेहूब प्रतिकृती उभी करी: घरं, विहिरी, रस्ते आणि जमिनीखालचा दोन पुरुष खोलीपर्यंतचा सगळा भाग. मग त्या प्रतिकृतीत काळ पुढे सोडायचा. साठ वर्षं पाव तासात उलटून जात.

क्लूनवारात महत्त्वाची होती ती पश्चिमेकडची पाणथळ जमीन. तिथले लोक तिला बॉग म्हणतात. हजारो वर्षं शेवाळावर शेवाळ वाढत गेलं, खालचं पाण्यात बुडून अर्धवट कुजलं, दबलं आणि त्याचं काळं, मऊ पीट झालं. वर्षाला एक मिलिमीटर, एवढाच त्याचा वेग. माणसाच्या उंचीएवढं पीट साचायला दोन हजार वर्षं लागतात. क्लूनवाराच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून बॉगमधलं पाणी काढलं, पीटच्या विटा पाडून वाळवल्या आणि चुलीत जाळल्या. पण चर खणले की राहिलेल्या पीटमध्येही हवा शिरते, आणि ते जागच्या जागी, ज्योतीशिवाय, सावकाश जळत राहतं. गावातल्या सगळ्या गाड्या आणि चुली मिळून वर्षभरात जेवढा कार्बन सोडत, त्याच्या कितीतरी पट एकटी ती सुकलेली जमीन सोडत होती.

उपाय साधा होता. चर बुजवायचे, पाणी पुन्हा चढू द्यायचं. बॉग तीस वर्षं ओली ठेवायचा करार जे गाव करील, त्याला नवी उबदार घरं मिळणार होती, आणि करार चालू असेपर्यंत शाळेला हमी. अट एकच, पाणी चढल्यावर तिथं कुदळ लावायची नाही.

अडचण होती ती बॉगच्या काठावरच्या सात घरांची. पाणी हातभर चढलं की त्यांच्या जमिनीखाली ओल येणार होती. त्या सातांतलं शेवटचं घर ब्रीडचं.

ब्रीड त्र्याण्णव वर्षांची होती. कोलमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. त्याच घरात जन्मली, तिथंच आईवडिलांचं आजारपण काढलं, आणि आता चार कोंबड्या घेऊन एकटी राहत होती. कोलमनं सुनेत्राची राहायची सोय तिच्याकडेच लावून दिली. गावात सगळेच एकमेकांना नावानं हाक मारत, पण एवढ्या वयाच्या बाईला नुसतं ब्रीड म्हणणं सुनेत्राच्या जिभेवर येईना. ती 'ब्रीडबाई' म्हणू लागली. तो भारतातला काही मानाचा किताब असावा, असं समजून म्हातारी खूश झाली.

"तुमच्या देशात म्हाताऱ्यांना काय करतात?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"काय करणार? सांभाळतात. कधी कधी नाही सांभाळत."

"इथल्यासारखंच म्हणजे." ब्रीडनं तिच्या पुढ्यात सोडाब्रेडचा जाड तुकडा सरकवला. "खा. हाडं दिसतायत तुझी, पोरी."

घराच्या मागं, बॉगच्या अगदी काठावर, एक जुनं हॉथॉर्नचं झाड होतं. काटेरी, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. ब्रीड रोज दुपारी काठी टेकत तिथं जायची, बुंध्याभोवतीचं गवत उपटायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. सुनेत्राला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचा असतो तसा एखादा नेम असेल.

उन्हाळ्यात काचेच्या तारा पुरून झाल्या. सुनेत्रा आणि कोलम दिवसभर बॉगमध्ये गुडघाभर बूट घालून हिंडत. तो तिला पक्ष्यांची नावं सांगायचा, ती त्याला पाण्याचे स्तर समजावून सांगायची. जुलैत एकदा पावसात अडकून दोघं पीट साठवायच्या छपरात तासभर बसून राहिली, आणि त्या तासानंतर शाळेवरून जाताना सुनेत्रा आत डोकावल्याशिवाय पुढं जाईनाशी झाली. गावानं ते पाहिलं आणि कुणीही काही बोललं नाही. क्लूनवारात पसंती अशीच दाखवत.

ऑगस्टच्या शेवटी जुळ्यानं जमिनीखालच्या वस्तूंची यादी दिली. एकूण त्रेचाळीस खुणा. बहुतेक प्राचीन झाडांचे बुंधे, एक गाडीचं चाक, एक लाकडी पिंप. सतराव्या खुणेपाशी सुनेत्रा थांबली.

ब्रीडच्या घरामागं, पाऊण मीटर खोल. लाकडी पेटी, हातभर लांब. पुढं यंत्रानं लिहिलं होतं: प्राणी अथवा मानवी अवशेष असण्याची शक्यता चौतीस टक्के.

नियम स्पष्ट होता. शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर पुरातत्त्व खात्याला बोलवायचं. खाली असेल तर निर्णय नियोजकाचा. त्याची सही पुरे.

तिनं कोलमला दाखवलं. शाळा सुटल्यावर तो वह्या तपासत बसला होता.

"कुत्रा असेल," तो म्हणाला. "आमच्याकडे लाडक्या कुत्र्याला असंच पेटीत घालून पुरतात. माझ्या वडिलांनी दोन पुरलेत."

"तपासून घेतलं तर?"

"किती वेळ लागेल?"

"एक मोसम. कदाचित जास्त."

कोलमनं पेन खाली ठेवलं. पाणी ऑक्टोबर संपायच्या आत चढवायचं होतं. ती तारीख चुकली तर करार पुन्हा दोन वर्षांनी, आणि शाळेची सवलत जूनमध्ये संपणार. हे दोघांनाही पाठ होतं.

"ब्रीडला विचार," तो म्हणाला. "ती त्या घरात त्र्याण्णव वर्षं राहतेय. काय असेल ते तिला माहीत असेल."

सुनेत्रानं त्याच संध्याकाळी विचारलं. ब्रीड बटाटे सोलत होती.

"ब्रीडबाई, घरामागं, झाडाच्या बाजूला, जमिनीत काही पुरलेलं आहे का?"

सुरी थांबली. सालीचं लांब वेटोळं हातातून लोंबकळत राहिलं. मग सुरी पुन्हा चालू लागली.

"काही नाही तिथं," ब्रीड म्हणाली. "काटेरी झाड आहे. त्याला हात लावू नका, एवढंच."

"नाही लावणार."

"शब्द दे."

"शब्द दिला."

सुनेत्रानं ती थांबलेली सुरी पाहिली होती. त्या क्षणी आणखी एक प्रश्न विचारता आला असता. तिनं विचारला नाही, कारण मिळालेलं उत्तर सगळ्यांच्या सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी सतराव्या खुणेपुढं तिनं लिहिलं, 'महत्त्वाची नाही,' आणि सही केली.

सप्टेंबरमध्ये शाळेच्या मोठ्या खोलीत गावसभा भरली. सुनेत्रानं भिंतीवर जुळं दाखवलं. आधी काहीच न करता काळ पुढं सोडला. रात्रीचं गाव, घराघरात दिवे. वर्षं सरकत गेली तसे दिवे विझत गेले. आधी काठावरचे, मग दुकानाचा, मग चर्चच्या मागच्या आळीतले. २०७१ साली एकच दिवा राहिला आणि मग तोही गेला. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तिनं चर बुजवून पुन्हा तोच काळ सोडला. या वेळी दिवे तगले, काही नवे लागले. मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं.

सहा घरांनी हलायला होकार दिला. सगळे ब्रीडकडे बघू लागले. ती पहिल्या रांगेत, अंगावर कोट तसाच ठेवून बसली होती.

"ब्रीड," कोलम तिच्यापुढं उकिडवा बसून म्हणाला, "तुझ्याशिवाय होणार नाही हे. पण तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही."

म्हातारीनं भिंतीवरच्या दिव्यांकडे पाहिलं. मग खोलीत मागं खेळणाऱ्या मुलांकडे.

"माझी खिडकी बॉगकडे हवी," ती म्हणाली, आणि हात वर केला.

सुनेत्रानं तिला ती खिडकी दिली. सातही घरांत प्रत्येकाची खुर्ची कुठं असायची, सकाळचं ऊन कुठून यायचं, हे तिनं मोजून आणलं आणि नव्या घरांत तसंच करून घेतलं. लाकडी घरं कारखान्यातून तयार भाग आणून तीन आठवड्यांत उभी राहिली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चर बुजवले. पाणी सावकाश चढू लागलं. जानेवारीपर्यंत चार नवी कुटुंबं राहायला आली आणि शाळेत एकोणीस मुलं झाली. कोलमनं दुसऱ्या खोलीचं कुलूप काढलं. त्या दिवशी त्यानं सुनेत्राला विचारलं, काम संपल्यावर इथंच राहशील का. ती हो म्हणाली.

ब्रीड मात्र नव्या घरात रमली नाही. घर उबदार होतं, भिंती कोरड्या होत्या, पण ती दिवसभर खिडकीपाशी उभी असायची. दुपारी काठी घेऊन निघायची, पाण्याच्या काठाला थांबायची, आणि कुणीतरी तिला परत आणायचं. हॉथॉर्नच्या बुंध्याशी आता पाणी होतं. चार वर्षांत ते झाड मरेल, असं जुळ्यानं सांगितलं होतं. हात लावणार नाही, असा सुनेत्राचा शब्द होता, आणि हात कुणी लावलाही नव्हता.

फेब्रुवारीत एका दुपारी ब्रीड काठाला थांबली नाही. चालत राहिली. कोलमला शाळेच्या खिडकीतून तिचा लाल स्कार्फ पाण्यात दिसला. तो धावला. कमरेपर्यंत रुतलेली ब्रीड त्यानं आणि दुकानदारानं मिळून ओढून काढली. श्वास चालू होता, पण तेव्हापासून ती अंथरुणावरून उठली नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत ताकद राहिलेली नाही, वसंत ऋतू पाहिला तर नशीब.

चौथ्या दिवशी सकाळी सुनेत्रा तिला पेज भरवत होती. म्हातारीनं चमचा बाजूला केला.

"तू मला विचारलं होतंस," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

सुनेत्रानं पेजेची वाटी खाली ठेवली.

"एकोणीसशे अडुसष्ट. मी अठरा वर्षांची होते. तो कोण होता ते सोड, तो इंग्लंडला निघून गेला. मला सात महिने घरात कोंडून ठेवलं. मूल झालं ते रडलंच नाही. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला चर्चच्या जमिनीत जागा द्यायचे नाहीत तेव्हा. असली मुलं कुठं कुठं पुरायचे, कुंपणाला, बॉगच्या काठाला. वर काही खूण ठेवायची नाही. मी खिडकीतून पाहिलं. वडिलांच्या एका हातात फावडं आणि बगलेत सफरचंदांची पेटी. झाडाकडे वळले आणि दिसेनासे झाले. अर्ध्या तासानं आत आले, हात धुतले आणि चहा मागितला. नंतर सत्तावीस वर्षं जगले, पण त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. एखादं कोकरू पुरून यावं तसं."

"मुलगा होता की मुलगी?"

"दाखवलंच नाही मला. आई म्हणाली, बघू नकोस, बघितलंस तर विसरता येणार नाही." ब्रीडनं डोळे मिटले. "न बघतासुद्धा कुठं विसरता आलं."

"ब्रीडबाई, मला माहीत होतं," सुनेत्रा म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. पेटी, चौतीस टक्के, ती सही. "तुमचा हात थांबलेला मी पाहिला होता. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

म्हातारीनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"तुला चौतीस टक्के माहीत होतं," ती म्हणाली. "मला शंभर टक्के माहीत होतं, आणि मी गप्प बसले. तू कशाला रडतेस?" मग थोड्या वेळानं, "तुझ्या यंत्राला दिसतं ना ते? दाखव मला."

सुनेत्रानं टॅबलेट आणला. हा क्षण येणार हे तिला कळलं होतं आणि तिला त्याची भीती वाटत होती. पडद्यावर घर होतं, झाड होतं, आणि जमिनीखाली लहानसा फिकट चौकोन.

"झाडाखालीच आहे ना?" ब्रीडनं विचारलं. तिला नीट दिसत नव्हतं.

हो म्हणणं किती सोपं होतं. ब्रीडनं आयुष्यभर त्या बुंध्याभोवतीचं गवत उपटलं होतं.

"नाही. झाडापासून अकरा फूट अलीकडे. घराच्या बाजूला. तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे जायची वाट आहे ना, तिच्याखाली."

ब्रीड नुसती विचार करत राहिली, जणू पावलं मोजत होती.

"त्या वाटेनं मी रोज दोनदा जायचे," ती हळू म्हणाली. "सकाळी दाणे घेऊन, संध्याकाळी अंडी आणायला. पंच्याहत्तर वर्षं. पावसात, बर्फातसुद्धा." तिनं सुनेत्राचं मनगट धरलं. "म्हणजे भेटत होतो की आम्ही."

सुनेत्रानं टॅबलेट बाजूला ठेवला.

"आता ऐक," ब्रीड म्हणाली. "मी चांगली बाई वगैरे नाही. गावासाठी सोडून देते, असं माझ्याकडून ऐकायला सगळ्यांना आवडेल. मी म्हणणार नाही. मला ते हवंय. माझ्या शेजारी, चर्चच्या जमिनीत. आता तिथं मज्जाव नाही, फादरला मी विचारलंय."

सुनेत्रानं कोलमला शाळेत गाठलं. मुलं मैदानात होती. आपली सही चुकीची होती, असं पत्र ती आजच पाठवणार होती. तसं कळवलं की पुढचं सगळं आपोआप घडणार होतं: चौकशी, खोदकामाची परवानगी, आणि बॉगला कुदळ लागणार म्हणून करार वर्षभर स्थगित. स्थगित म्हणजे शाळेची हमीही गेली.

कोलमनं सगळं ऐकून घेतलं. हातातली टोपी फिरायची थांबली.

"माझीच आजी आहे ती," तो म्हणाला. "मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण तिचे किती दिवस राहिलेत? थोडं थांबलीस तर..."

"तर काय? ती मरेल तोवर थांबू?"

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालास, कोलम."

बाहेर मुलांचा गलका चालला होता. त्यानं खिडकीकडे बोट केलं. "हे एकोणीस जिवंत आहेत, सुनेत्रा. त्या पेटीत काय आहे? बॉगच्या आम्लात हाडंसुद्धा विरघळतात, हे तूच मला शिकवलंस. कदाचित तिथं काहीच नसेल."

"कदाचित नसेल."

"आणि तरी तू शाळा घालवणार?"

"मी आधी खोटी सही करून शाळा वाचवली होती. दुसऱ्यांदा तेच करता येत नाही मला."

"तुला इथून निघून जाता येईल," तो म्हणाला. "आम्हाला नाही."

त्यानं घंटा वाजवली. मुलं आत आली. सुनेत्रानं पत्र पाठवलं. त्या दिवसानंतर कोलम तिच्याशी कामापुरतंही बोलला नाही. गावातल्या लोकांनी तिला दोष दिला नाही, उलट दुकानात आधीपेक्षा जास्त अदबीनं वागू लागले. क्लूनवारात नापसंती अशी दाखवत.

मार्चमध्ये करार स्थगित झाला. एप्रिलच्या सुरुवातीला नव्या कुटुंबांपैकी दोन निघून गेली. ती शाळेच्या हमीवर आली होती. तेरा मुलं उरली. जूनअखेर शाळा बंद, असा कागद आला आणि कोलमनं तो स्वतःच्या हातानं दारावर चिकटवला.

ब्रीड रोज विचारायची, "आलं का परवानगीचं?" सुनेत्रा रोज सांगायची, "येईल." अठरा एप्रिलला सकाळी चहा गार झाला तरी ब्रीडनं डोळे उघडले नाहीत. परवानगी त्यानंतर नऊ दिवसांनी आली.

मे महिन्यातल्या एका स्वच्छ सकाळी खोदकाम झालं. पाण्यात लोखंडी पत्र्यांचा चौकोन ठोकून आतलं पाणी उपसून काढलं होतं. पुरातत्त्व खात्यातून आलेली बाई लहान खुरपं घेऊन आत उतरली. गावातलं दुसरं कुणी येणार नाही, असं सुनेत्राला वाटलं होतं. पण कोलम आला. तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

पाऊण मीटरवर पेटीच्या फळ्या लागल्या. काळ्या, मऊ, हात लावला की चुरा होणाऱ्या. त्या बाईनं वरची फळी हळूच उचलली.

"हाडं नाहीत," थोड्या वेळानं ती म्हणाली. "बाळाला गुंडाळलेलं सुती काही असेल तर तेही गेलंय. पीटच्या आम्लात कापूस आणि हाड टिकत नाही. लोकर टिकते. हे बघा."

तिनं दोन्ही हातांवर ते वर उचललं. पुरुषाचं लोकरीचं जाकीट होतं, बिनबाह्यांचं. पीटनं तपकिरी झालं होतं, पण वीण शाबूत होती. चांगलं, रविवारी चर्चला घालायचं असतं तसं, आतून अस्तर लावल्याच्या खुणा असलेलं. खालचा भाग नीट दुमडून आत घेतला होता, पाय गार पडू नयेत म्हणून बाळाला गुंडाळताना दुमडतात तसा. आणि पुढची सहाही बटणं लावलेली होती.

कोलम चिखलात गुडघ्यांवर बसला. त्या घरात तेव्हा पुरुष एकच होता.

"सत्तावीस वर्षं," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षांत तिला एकदाही सांगितलं नाही त्यानं."

सुनेत्रा त्याच्या शेजारी बसली. नऊ दिवस, असं तिच्या मनात आलं, पण नऊ दिवस आधी हे सापडलं असतं तरी ते बघायला ब्रीड उरली नसती. गेल्या ऑगस्टमध्येच सापडायला हवं होतं. ती सही करायच्या दिवशी.

"जाकिटाच्या आत अजून थोडी माती आहे," खड्ड्यातून ती बाई म्हणाली. "बटणं सोडून ती प्रयोगशाळेत तपासता येईल. केसाचा अंश जरी मिळाला तरी मुलगा होता की मुलगी ते नक्की सांगता येईल. हवं असेल तर."

कोलमनं सुनेत्राकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. सुनेत्रानं हळूच नकारार्थी मान हलवली.

"नको," तो त्या बाईला म्हणाला. "त्यानं लावलीयत ती. राहू देत."

दुपारी त्यांनी ते जाकीट तसंच्या तसं, एका नव्या पेटीत ठेवून चर्चच्या आवारात नेलं. फादर आणि ती दोघं, एवढीच माणसं होती. ब्रीडच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती, त्यामुळे फार खणावं लागलं नाही.